बत्तिसावं नाव

४ मार्च

प्रिय भाऊजी,

चिमणी सुखरूप पोचल्याचं तुमचं पत्र मिळालं. दूतावासाच्या थैलीतून आलं, म्हणून चार दिवसांत पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मी सध्या एका बैठकीत दहाच पत्रं लिहिते. ह्यांना जाऊन परवा सहा आठवडे झाले. सांत्वनाची दोनशे बारा पत्रं आली आहेत. ह्यांनी राजशिष्टाचार विभागात बसून तीस वर्षं परक्या देशांच्या पत्रांना उत्तरं दिली. आता ह्यांच्यासाठी आलेल्या पत्रांना मी देते आहे. चार ओळींच्या वर सुचत नाही. दवाखान्याच्या औषधखिडकीत 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' एवढंच लिहायची सवय. पत्रंही तशीच होतात.

एक पत्र राहिलं आहे. तुम्ही जिथे आहात त्या देशाच्या इथल्या राजदूतांचं. मंत्रालयातून फोन आला की त्याला उत्तर द्यायचं नाही. आपले अकरा शिपाई त्यांनी सीमेवरून धरून नेले आहेत, ते सुटेपर्यंत तिकडे एक ओळही जाणार नाही. मी बरं म्हटलं. पत्र वेगळं ठेवलं आहे.

चिमणीला तुम्हा आईबापांकडे धाडलं ते योग्य केलं ना? तीन वर्षं शाळेसाठी माझ्याजवळ राहिली, कधी जड झाली नाही. पण हे गेल्यावर मी बोलेनाशी झाले, आणि माझ्याकडे बघून तीही बोलेनाशी झाली. आठ वर्षांचं पोर दाराचा आवाज न करता घरात वावरायला लागलं. ते मला बघवेना.

रेडिओवर मोठे साहेब रोज बोलतात. काल म्हणाले, आता शब्द संपले. हे असते तर म्हणाले असते, शब्द संपलेल्या माणसाला बोलायचा पगार कशाला द्यायचा? शेजारच्या शिक्षिकाबाईंना मात्र भाषण फार आवडलं. मला म्हणाल्या, "तुमच्या दिरांना लिहा, तिथे नाक घासू नका म्हणावं." मी म्हटलं, लिहिते. लिहिलं.

माझ्या धाकट्या जावेला आणि चिमणीला जपा.

तुमची वहिनी

•

११ मार्च

ती. वहिनी, सा. न.

नाक अजून शाबूत आहे, शिक्षिकाबाईंना कळवा.

इथे सगळं ठीक आहे. वर्तमानपत्रांवर जाऊ नका, त्यांना पानं भरायची असतात. आमच्या फाटकाबाहेर रोज साडेदहाला माणसं जमतात, घोषणा देतात आणि दीड वाजता जेवायला जातात. इतकी वक्तशीर निदर्शनं मी जन्मात पाहिली नाहीत. आमच्या कार्यालयात कुणी इतकं वेळेवर येत असतं तर दादांनी त्याला मिठी मारली असती.

चिमणी मजेत आहे. सध्या बाहेर जायचं नाही म्हणून वरचा लांब व्हरांडा तिने ताब्यात घेतला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून परवाना मागते. राजदूतसाहेबांनाही सोडत नाही. न्हाणीघरातला टब आम्ही भरून ठेवतो, त्यात ती होड्या सोडते. बूट घालून झोपायचा एक नवा खेळ काढला आहे आम्ही, तिला तो फार आवडतो. तुमच्या धाकटीने कपाटं आवरायला काढली आहेत, जुने कागद जाळायला मागच्या अंगणात रोज शेकोटी असते. थंडीत बरंच वाटतं.

तुम्ही खिडकीवर रुजू झालात हे चांगलं केलंत. दादांची उणीव इथे कामातही जाणवते. कशी ते भेटल्यावर सांगेन.

तुमचा,
भाऊजी

•

१६ मार्च

प्रिय भाऊजी,

मी औषधखिडकीत चोवीस वर्षं बसते आहे. 'विशेष काही नाही हो, सहज गोळ्या हव्या होत्या' असं म्हणणारा माणूस मला लांबून ओळखता येतो. टब भरून ठेवता, म्हणजे पाणी तुटायची भीती आहे. कागद जाळता, म्हणजे ते कुणाच्या हाती लागू नयेत. आणि मुलीला बूट घालून झोपवणं हा खेळ नव्हे. मला खरं लिहा.

आता माझ्याकडचं खरं लिहिते.

ह्यांचा चष्मा आणि छत्री खोलीतच राहिली होती, ती आणायला परवा मंत्रालयात गेले. ह्यांचे कारकूनकाका भेटले. त्यांनी खुर्ची दिली, मग दार लोटलं आणि म्हणाले, "बाई, साहेब गेले आणि एक तारखेची यादीही गेली."

तुम्हाला यादी माहीत आहे. मला ती परवा पहिल्यांदा नीट समजली. ह्यांना दर महिन्याच्या शेवटी 'डोकी मोजतो' म्हणताना ऐकलं होतं, एवढंच. तुमच्याकडे राहणारी आमची माणसं ही आणि आमच्याकडे राहणारी तुमची माणसं ती, बायकामुलांसकट, असं दोन्ही सरकारं एक तारखेला एकमेकांना कळवतात. उद्या संबंध तुटले तर यादीतल्या माणसाच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. त्याला सीमेवरच्या पुलापर्यंत आणून पलीकडे पोचवायचं. जो यादीत नाही तो कुणाचाच नाही.

मी विचारलं, "यादी गेली म्हणजे?"

"फेब्रुवारीत पाठवली नाही. मार्चमध्येही नाही. नवे साहेब म्हणतात, वरून हुकूम आहे, त्यांना आपल्याकडून साधा नमस्कारही जाणार नाही."

"यादी म्हणजे काय नमस्कार आहे?"

"हेच मी म्हणालो. त्यावर म्हणाले, काका, तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिले?"

त्यांनी मला शेवटची यादी दाखवली. एक जानेवारीची, ह्यांच्या अक्षरातली. एकतीस नावं. तुमचं आठवं, धाकटीचं नववं. मी बोट ठेवून दोनदा वाचली. चिमणीला मी नऊ फेब्रुवारीला विमानात बसवलं. ती त्या कागदावर नाही, भाऊजी.

मग नव्या अधिकाऱ्याकडे गेले. पोरगेलासा आहे, नम्र आहे. म्हणाला, "काकू, घाबरू नका. मोठे साहेब काही वाईट होऊ देणार नाहीत."

"कसं?"

"कणखर आहेत ते."

चष्मा घेऊन घरी आले. छत्री तिथेच राहिली.

तुमची वहिनी

•

२० मार्च

ती. वहिनी, सा. न.

पकडलंत. दादा म्हणायचेच, तुझ्या वहिनीपुढे खोटं बोलायचं तर आधी डॉक्टरची चिठ्ठी आण.

मला फेब्रुवारीच्या शेवटी कळलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही स्वतःला दोष द्याल. तो देऊ नका. तुम्ही पोर धाडलंत, पण ते उतरवून घेणारा मी होतो. सतरा वर्षं मी हीच नोकरी करतो. कुणाही कारकुनाची सासू आठवडाभर राहायला आली तरी तिचा कागद करायला लावतो. स्वतःची मुलगी विमानातून उतरली तेव्हा तिला कडेवर घेतलं आणि घरी आलो. घरचं पोर म्हणून कागद करायचं सुचलंच नाही. मनात कुठेतरी होतं की दादा एक तारखेला घालतील. दादा नाहीत हे मला माहीत होतं, वहिनी, तरी मनात तेच होतं.

इथल्या कचेरीत मी तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा परत आला. म्हणतात, नाव तुमच्या राजधानीतून आलं तरच नोंदवू. राजधानीला तारा केल्या. उत्तर आलं, 'धीर धरा.' तिला परत पाठवावं म्हटलं तर पाच तारखेपासून विमानं बंद आहेत.

फाटकाबाहेरची माणसं आता दीड वाजता जेवायला जात नाहीत. काल एक दगड व्हरांड्यात पडला. चिमणीने तो उचलून मला आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, ह्याच्याकडे परवाना नव्हता."

मला भीती वाटते. हे तुमच्या धाकटीला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. ही शेवटची थैली असावी. तुम्ही काही करायला जाऊ नका. एकट्या आहात.

भाऊजी

•

२८ मार्च

प्रिय भाऊजी,

थैली बंद झाली. तिसऱ्या देशाच्या दूतावासातल्या नर्सबाई औषधं न्यायला आमच्याकडे येतात, त्यांच्या हाती हे देते आहे. पोचेल तेव्हा पोचेल.

मंगळवारी दुपारी चारला दार वाजलं. उघडलं तर त्यांचे राजदूत. गाडी कोपऱ्यावर सोडून चालत आले होते. समोरच्या फुटपाथवर वर्तमानपत्र उघडून एक माणूस उभा होता. तो दोन दिवसांपासून तेच वर्तमानपत्र वाचतो आहे.

मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "बाई, उशिरा आलो. आत येऊ का?" आपली भाषा चांगली बोलतात. ह्यांच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग बसले. म्हणाले, "देश सोडण्याआधी निरोपाची भेट घ्यावी लागते. तुमच्या मंत्र्यांनी वेळ दिली नाही, मोठ्या साहेबांनीही नाही. मी आलो त्या दिवशी विमानतळावर मला उतरवून घ्यायला तुमचे यजमान आले होते. म्हटलं, निरोप त्यांच्याच घरी घ्यावा."

"म्हणजे तुम्ही निघालात?"

"आठवड्याभरात सगळेच निघू."

म्हणजे संबंध तुटणार. रेडिओच्या आधी मला कळलं. चहा करायला आत गेले. तेवढ्यात मंत्रालयाचा फोन.

"बाई, दार उघडलंत?"

"हो."

"कशाला उघडलंत?"

"वाजलं म्हणून."

"त्यांना ताबडतोब जायला सांगा."

मी फोन ठेवला आणि चहा गाळला. माझ्या हातून असं कधी होत नाही.

कप देताना मी त्यांना सरळ विचारलं, "तुमच्याकडच्या आमच्या यादीत किती नावं आहेत?"

"एकतीस."

"ती बत्तीस आहेत. माझी पुतणी आहे, आठ वर्षांची."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडून मला यादी घेता येत नाही. ती फक्त सरकारकडून येते."

मी मान हलवली. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "माझ्या जानेवारीतल्या पत्राचं उत्तर मात्र आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मला मनाई आहे."

"असेल. मी फक्त पद्धत सांगतो. तुमच्या यजमानांना ती माझ्याहून चांगली माहीत होती. सांत्वनाचं उत्तर सरकार देत नाही, घर देतं. म्हणून सरकारच्या मनाईत ते बसत नाही, आणि आम्हाला ते परत करता येत नाही. आलं की आवक रजिस्टरात नोंदवायचं आणि राजधानीला धाडायचं. आणि घराचं उत्तर म्हटलं की खाली घरातल्या सगळ्यांची नावं असतात. नातं, वय, सध्याचा मुक्काम."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी उठले. उरलेलं ते एक पत्र काढलं. नेहमीच्याच चार ओळी लिहिल्या. आपलं पत्र पोचलं, आपल्या शब्दांनी धीर आला, आपण त्यांची आठवण ठेवलीत, आम्ही सर्व ऋणी आहोत. खाली मी, पत्नी. तुम्ही, धाकटा भाऊ. धाकटी, भावजय. मग चिमणीचं शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव, पुतणी, वय वर्षं आठ, सध्याचा मुक्काम तिकडच्या राजधानीतला तुमचा पत्ता. बाटलीवर चिठ्ठी लिहितो तसं एकेक अक्षर सुटं काढलं, कुणी चुकीचं वाचू नये म्हणून.

त्यांनी पाकीट घेतलं नाही, आधी उभे राहिले. मग दोन्ही हातांनी घेतलं. त्याच संध्याकाळी एक माणूस पोचपावती देऊन गेला. आवक क्रमांक एकशे सतरा.

"पुरेल ना?" असं मी त्यांना दारात विचारलं होतं. म्हणाले, "कागद पुरतो की नाही हे पुलावरच्या माणसावर असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर कोळशाने एक शब्द लिहिलेला होता. पुसला. काय ते तुम्हाला सांगत नाही. शिक्षिकाबाई जिन्यात म्हणाल्या, "बडे पाहुणे येतात हो तुमच्याकडे." दवाखान्यात मला खिडकीवरून काढून आतल्या कोठीत बसवलं आहे. लोक चिडतील म्हणतात. कोठीत गारठा आहे, पण कुणी बोलायला येत नाही.

मी चूक केली असेल तर ती माझी. तुम्हाला कुणी विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणा.

वहिनी

•

४ एप्रिल, पुलावरून

ती. वहिनी,

घाईत लिहितो, चौकीच्या टेबलावर. हे तुमची धाकटी आणून देईल.

तुमचं नर्सबाईंकडचं पत्र पोचलं होतं. म्हणूनच चिमणीला घेऊन पुलापर्यंत यायची हिंमत झाली. आम्ही बत्तीस जण ह्या टोकाला, त्यांची माणसं पलीकडच्या टोकाला. त्यांचे राजदूत अर्ध्या पुलावर आले तेव्हा तुमचं पत्र त्यांच्या हातात होतं. त्यांनी इथल्या अधिकाऱ्याला ते दाखवलं, क्रमांकासकट. अधिकाऱ्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "नाव मान्य. आकडा मान्य नाही. हुकमात एकतीस लिहिलं आहे."

राजदूत अर्धा तास भांडले. भांडले म्हणजे आवाज न चढवता बोलले, तुम्ही पाहिलंच आहे त्यांना. अधिकारीही वाईट माणूस नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. आकडा बदलायचा तर राजधानीतून हुकूम हवा, आणि तिथे फोन कुणी उचलत नव्हतं. तिन्हीसांजेला पूल बंद होणार होता.

मग मी म्हटलं, एकतीसच जातील.

चिमणीला सांगितलं आहे की बाबांचा परवाना राहिला, तो घेऊन येतात. तिला पटलं. तुमच्या धाकटीला पटलं नाही. ती काही बोलत नाही आहे, तिला सांभाळा.

राजदूत म्हणतात, मी त्यांच्या घरी पाहुणा म्हणून राहायचं. त्यांचा शब्द खरा आहे. पण ते स्वतः उद्या कुठे असतील हे त्यांनाही ठाऊक नाही. पुलावर त्यांचेच काही लोक त्यांच्याकडे कसे बघत होते ते मी पाहिलं.

मी ठीक आहे. ह्या वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लिहितो आहे. मी ठीक नाही, पण उभा आहे.

भाऊजी

•

१२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

दोघी पोचल्या. धाकटी आल्यापासून माझ्याच खोलीत झोपते. पहिले दोन दिवस बोलली नाही. मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यावर ओरडली की सगळं तुमच्यामुळे, तुम्हीच पोर धाडलंत. मी हो म्हटलं. मग ती रडली आणि जेवली. आता बरं आहे.

परवा मंत्रालयाचे सचिव घरी आले. सगळ्यांत वरचे, ज्यांच्या खोलीत हेसुद्धा उभ्याने बोलायचे. मला वाटलं अटक होणार. चिमणीला धाकटीबरोबर आत पाठवलं आणि दार उघडलं.

त्यांनी आधी दरडावलं. परवानगी कुणी दिली? कुणीच नाही, मी म्हटलं. देशाची परिस्थिती कळते का? कळते. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, "बाई, खरं सांगतो. त्या अकरा शिपायांबद्दल मोठ्या साहेबांनी चार पत्रं पाठवली. चारही पुलावरून न फोडता तासाभरात परत आली. त्यांचीही आम्ही तशीच परत केली होती. त्यांच्या रजिस्टरात आपल्या देशाचं गेल्या महिन्याभरात एकच पत्र नोंदलं गेलं आहे. तुमचं." आणि पिशवीतून एक टाईप केलेला मजकूर काढला. तीन पानं. "हे तुमच्या अक्षरात, तुमच्या पाकिटात."

मी वाचलं. बोलणी करायची तयारी आहे, असं त्यात होतं. रेडिओवर मात्र त्या दिवशीही शब्द संपलेलेच होते.

मला फार भीती वाटली, भाऊजी. कोळशाने लिहिलेल्या शब्दाची वाटली होती त्याहून जास्त. एवढ्या मोठ्या देशाला लढाई टाळायला माझी बैठकीची खोली लागते, ह्याची.

मी म्हटलं, "माझी पत्रं चार ओळींची असतात. पाचवी ओळ आली की ते ओळखतील, आणि पुन्हा माझंही पत्र घेणार नाहीत. तुमची पानं तुमच्या सहीनेच जाऊ देत. माझं पत्र वर राहील. पाकीट माझं म्हणून घेतलं जाईल, एवढंच."

"चालेल."

"पण आधी एक. तुमच्या पानांत अकरा शिपाई आहेत. माझे दीर नाहीत."

त्यांनी पानं उलटून बघितली. म्हणाले, "त्यांचं प्रकरण वेगळं आहे. वेगळं बघू."

"वेगळं नको. बारा लिहा."

"हे मोठ्या साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. फोन तिथे आहे. मी बसते."

आयुष्यात मी कुणाला असं बोलले नव्हते. मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. ते पाठ करून वीस मिनिटं बोलत होते. फोन ठेवल्यावर पेन काढलं, अकरा खोडलं, बारा केलं आणि शेजारी सही केली. तुमचं नाव मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. स्पेलिंग तपासून घेतलं.

पाकीट काल दुपारी पुलावर गेलं. आज संध्याकाळपर्यंत परत आलेलं नाही. सचिवांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा म्हणाले, परत आलं नाही म्हणजे घेतलं असावं. दुसऱ्यांदा माझ्याकडे परत आलं का, एवढंच विचारलं. नर्सबाई सांगत होत्या की त्या राजदूतांना कुठे दुसरीकडे नेल्याचं ऐकलं. खात्रीचं नाही, म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याच घरी आहात का, हे मला माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहून ठेवते आहे. पत्ता कळला की पाठवीन.

चिमणी विचारते, बाबा कधी येणार. मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, काकूने एक पत्र पाठवलं आहे आणि ते अजून परत आलेलं नाही. ती म्हणाली, "मग ते चांगलं ना?" मी म्हटलं, हो.

पत्र परत येऊ नये आणि माणूस परत यावा, एवढंच सध्या मला कळतं. फाटकाशी टपालवाला दिसला की आम्ही तिघी खिडकीपासून मागे सरकतो.

तुमची वहिनी